'एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी
कॅन्सरवरच्या एका मोठ्या लेखाचं भाषांतर करतेय, वाचक म्हणजे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं. विषय थोडक्यात असा की पेशींच्या भोवती जे कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, टेनासिन वगैरे प्रथिनांचं मॅट्रिक्स असतं त्याचा गाठीच्या वाढीवर आणि तिच्या आजूबाजूच्या भागावर काय परिणाम होतो. मी 'पेशीबाह्य आधारद्रव्य' असं लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते सगळीकडे खोडून 'पेशींमधली पोकळी' केलं, म्हणे सोपं वाटतं. आता वाक्य असं झालंय, 'पोकळीतली प्रथिने गाठीला वाढण्यास मदत करतात'. पोकळी म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रिकामी जागा येणार ना, आणि लेखाचा तर सगळा भर यावर आहे की ती जागा रिकामी नाही. पण त्यांनी हरकत घेतल्यापासून मलाही वाटतंय की 'द्रव्य' म्हटल्यावर काहीतरी पातळ, ओतता येईल असं वाटतं. काय लिहावं? नेमका पण वाचवेल असा शब्द हवाय.

गॅमा
मॅट्रिक्सच ठेवा की. पेशंट लोक बायॉप्सी, केमो, स्कॅन, मार्कर, स्टेज सगळं बोलतात, कुणी अडत नाही. पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळीत समजावून सांगा आणि पुढे बिनधास्त मॅट्रिक्स. शब्द नवा असला की माणूस अर्थ विचारतो, ओळखीचा पण चुकीचा असला की विचारत पण नाही.

व्युत्पन्न
गॅमा, मग भाषांतर कशाला करायचं, लिपी बदलली की झालं काम. मॅट्रिक्स हा लॅटिन शब्द, मूळ 'मातेर' म्हणजे आई, त्यावरून गर्भाशय, कूस, आणि मग जिच्यात काहीतरी वाढतं घडतं अशी कुठलीही गोष्ट. हा अर्थ इथे इतका चपखल बसतो की तो सोडणं म्हणजे नुकसान आहे. हिंदी जीवशास्त्राच्या पुस्तकांत मॅट्रिक्सला 'आधात्री' म्हणतात. धात्री म्हणजे दाई, पाजणारी, आणि पृथ्वीसुद्धा. माझं मत आधात्रीला.

सुतारपक्षी
आधात्री वाचून पेशंट पान उलटणार. मला हा शब्द आत्ता पहिल्यांदा कळला आणि मी मराठीच वाचत वाढलोय. 'जाळं' का नको? पेशींभोवतीचं जाळं. तंतूच असतात ना शेवटी.

पेशीपुराण
मी पॅथॉलॉजीत आहे, स्लाइड बघणं हेच रोजचं काम, म्हणून दोन गोष्टी.

'पोकळी' साफ चूक, त्यावर चर्चाच नको. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मॅट्रिक्स फिकट गुलाबी दिसतं आणि नवीन मुलं त्याच्यावरून नजर सरकवून थेट पेशींकडे जातात, तिथूनच बहुतेक ही पोकळीची समजूत सुरू होते. तीच गाठ मॅसन ट्रायक्रोमने रंगवली की कोलॅजन निळं होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची स्लाइड अशी रंगवून बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या लाटा आणि त्यात मधेच कुठेतरी कॅन्सरपेशींचे चारदोन वेडेवाकडे पुंजके. म्हणजे ज्याला आपण गाठ गाठ म्हणतो तिचा बराचसा भाग कॅन्सरपेशींचा नसतोच, या निळ्याचा असतो.

दुसरं, 'जाळं' मला आवडलं पण त्यात एक उणीव राहते. जाळं म्हटलं की ते नुसतं पसरलेलं असतं, करत काही नाही. मॅट्रिक्स पेशीला निरोप देतं. फायब्रोनेक्टिनच्या साखळीत आर्जिनिन, ग्लायसिन, अॅस्पार्टेट असा तीन अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा असतो (१९८४ मध्ये हे सापडलं), पेशीच्या अंगावरचे इंटिग्रिन नावाचे ग्राही, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारी प्रथिनं, बरोबर तिथे पकडतात. माणसात इंटिग्रिनच्या २४ जोड्या आहेत. पकड बसली की आत संदेश जातो, वाढ, थांब, सरक, मर. तीच पेशी कशाला चिकटलीय यावर तिचं वागणं ठरतं. त्यामुळे जो शब्द घ्याल त्यातून 'निर्जीव भराव' असा वास येऊ देऊ नका एवढंच.

शब्दवेडी
पेशीपुराण, फार आभार, निळ्या लाटांचं मी लेखात घेऊ का? पण मग 'आधार' हा शब्दच बाद होतो का? आधार देणारा नुसता उभा असतो, बोलत नाही.

निमित्तमात्र
का बाद होईल? मराठीत आधार म्हणजे काय फक्त खांब नाही. 'तिच्या आधाराने वाढला' म्हणतो तेव्हा त्यात पोसणं, वळण लावणं, सगळं येतं. उलट हा शब्द इंग्रजी 'सपोर्ट'पेक्षा भरलेला आहे. 'आधारद्रव्य'मधलं 'द्रव्य' खटकतं हे मान्य, म्हणून 'आधारजाल' करा. आधारही आला, जाळंही आलं.

गॅमा
जाल? इंटरनेटवालं महाजाल, संकेतजाल, त्यातलं? तो 'जाल' आता तिकडे गेला.

निमित्तमात्र
गेला कुठे नाही, तिकडेही आहे नि इकडेही आहे. शब्द एका जागी बांधलेले नसतात. 'प्रथिन' बघा की, कुणीतरी बसून घडवलेलाच शब्द आहे. प्रोटीनमागे ग्रीक 'प्रोटिओस' म्हणजे पहिल्या दर्जाचं, आणि प्रथिनमध्ये आपल्याला 'प्रथम' ऐकू येतो. आज शाळकरी पोरगं प्रथिनं म्हणतं, कुणाला तो घडवलेला वाटत नाही. आधारजालही रुळेल, वापरणारे हवेत. तुम्ही पहिल्याच दिवशी मॅट्रिक्स म्हणून मोकळे झालात तर कधीच काही रुळणार नाही.

अवांतर
कोलॅजनचा विषय निघालाय म्हणून. ग्रीक 'कोल्ला' म्हणजे सरस. चिकटवायचा सरस. कोलॅजन म्हणजे सरस जन्माला घालणारं, आणि ते शब्दशः खरंय कारण जनावराचं कातडं, हाडं उकळून जो सरस निघतो तो कोलॅजन उकळूनच होतो. आमचे आजोबा सुतारकाम करायचे, सरसाचा डबा गरम पाण्यात ठेवलेला असायचा आणि त्याचा वास कपड्यांतून जायचा नाही. थंड झाला की काचेसारखा कडक, ऊब मिळाली की पुन्हा तार सुटणार. मला तर वाटतं मराठीत कोलॅजनला 'सरसजन' म्हणायला काय हरकत आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास ३० टक्के हेच असतं, एवढ्या मोठ्या वस्तूला आपला शब्द नको?

सुतारपक्षी
अवांतर, नाव माझं सुतारपक्षी आणि सुतार निघाले तुमच्याकडे! सरसाचा मुद्दा मात्र एक नंबर. चिकटवणारं हा अर्थ त्यात आपोआप येतो.

गॅमा
सरसजन म्हणजे चांगली माणसं वाटतं. आणि माणसात कोलॅजनचे २८ प्रकार आहेत, सगळे सरस देत नाहीत. चौथ्या प्रकाराचे तर दोरेच नसतात, तो चटईसारखा पत्रा करतो. एका उपप्रकाराच्या गुणावरून सगळ्यांचं नाव मराठीत नव्याने कशाला पाडायचं?

व्युत्पन्न
ग्रीकांनी तेच केलं म्हणून. नाव पहिल्या ओळखीवरून पडतं, मग अर्थ सरकतो. हे आपल्याकडे किती झालंय बघा. 'पेशी'! आपण सेल या अर्थी वापरतो. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्यात, त्या मांसाच्या पेशी, म्हणजे आज आपण ज्याला स्नायू म्हणतो त्या. आणि 'स्नायू' तिथे ९०० आहेत, ते बांधणारे, दोरीसारखे, म्हणजे अस्थिबंध, कंडरा या जातीचे. म्हणजे मराठीने मसलला बंधाचं नाव दिलं आणि सेलला मसलचं. हिंदीत अजून मांसपेशी म्हणजे मसल आणि सेलला कोशिका. म्हणून 'पेशीबाह्य' हा शब्द हिंदी माणसाला दाखवला तर तो 'स्नायूच्या बाहेरचं' समजेल. माझ्या एका हिंदी सहकाऱ्याबरोबर एका अहवालावरून यावर अर्धा तास गोंधळ चालला होता.

निमित्तमात्र
मग आधात्रीचा आग्रह धरणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की हिंदीतून शब्द उचलले की असले गोंधळ होतात.

व्युत्पन्न
आधात्री संस्कृत आहे, हिंदीची मक्तेदारी नाही.

पेशीपुराण
गंमत म्हणजे जुन्या 'स्नायू'चा जो अर्थ, बांधणारं, ते सगळं आजच्या भाषेत कोलॅजनच. पण तो शब्द आता परत मागता येणार नाही.

शब्दवेडी, निळ्या लाटा खुशाल घ्या. मला तुमच्या वाक्यातल्या नामापेक्षा क्रियापदाची जास्त काळजी वाटतेय. 'गाठीला वाढण्यास मदत करतात' हे अर्धंच आहे. मॅट्रिक्स कधी वाढीला हात देतं, कधी आवरून धरतं. अठराव्या प्रकारच्या कोलॅजनचा एक तुकडा तोडला की एंडोस्टॅटिन मिळतं, ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला अडवतं, १९९७ मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. म्हणजे अख्खं प्रथिन एक काम करतं आणि त्याचाच तुकडा वेगळं. आणि त्याच साली बिसेल यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरपेशी मॅट्रिक्सच्या जेलमध्ये वाढवून त्यांचा बीटा-१ इंटिग्रिन अँटिबॉडीने अडवला, तर त्या पेशी पुन्हा नीट गोल मांडणी करून बसल्या, जवळपास निरोगी पेशींसारख्या. जनुकांमधले बिघाड तसेच होते हां. फक्त बाहेरून येणारा निरोप बदलला होता. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो.

शब्दवेडी
हे लेखात आहे, पण एका कोरड्या ओळीत! मूळ वाक्यात 'इन्फ्लुअन्स' आहे. 'प्रभाव टाकतात' मला भाषणासारखं वाटतं. 'परिणाम करतात' मिळमिळीत. 'वळण लावतात' कसं?

सुतारपक्षी
वळण लावतात +१. पण वळण चांगलंच लावतात असं वाटतं मराठीत. वाईट वळण असेल तर वाईट लागलं असं वेगळं म्हणावं लागतं.

कृषीकन्या
उशिरा आले. या विषयात सगळ्यात जुनी मांडणी शेतीचीच आहे ना. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ जणींच्या नोंदी बघितल्या आणि विचारलं की पसरलेला कॅन्सर ठराविक अवयवांतच का रुजतो, रक्त तर सगळीकडे जातं. त्याचं उत्तर बी आणि जमीन. बी सगळीकडे उडतं पण मानवेल त्या जमिनीतच उगवतं. मी याचं भाषांतर एकदा पाहिलं त्यात 'मृदा' होतं. मृदा काय, मृदा परीक्षणाच्या कागदावर असते. बी पेरतो ती जमीन किंवा रान.

आणि मला त्याहून भारी शब्द सुचतोय, वाफसा. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, पेरणीला बरोबर जोगी होते ती अवस्था. आता ऐका, २००५ मध्ये उंदरांत दिसलं की कॅन्सरपेशी फुप्फुसात पोचायच्या आधीच तिथे फायब्रोनेक्टिन वाढतं, म्हणजे गाठ लांबूनच जागा तयार करून ठेवते. इंग्रजीत याला प्रीमेटास्टॅटिक निश म्हणतात. मराठीत तो वाफसा आहे! रान वाफशावर आणणं. एका शब्दात सगळं.

शब्दवेडी
कृषीकन्या!! अंगावर काटा आला वाचून. हा शब्द मी घेणार.

गॅमा
शहरात वाढलेल्या वाचकाला वाफसा पण मॅट्रिक्सइतकाच परका आहे. समजावूनच सांगावा लागणार.

कृषीकन्या
हो, पण समजावल्यावर डोक्यात राहील. मॅट्रिक्स समजावलं तरी राहत नाही, कारण त्याला मागे धरायला काही नाही.

निमित्तमात्र
मला भीती वेगळी आहे. वाफसा चांगली गोष्ट आहे, शेतकरी त्याची वाट बघतो. तो शब्द कॅन्सर रुजण्याला लावायचा? शब्दाच्या अंगावर डाग पडतो.

कृषीकन्या
रुजणं पण चांगलंच असतं, तरी आपण रोग रुजला म्हणतोच की. वाढ, गाठ, मूळ, फुटवा, सगळे शब्द शेतातलेच आहेत आणि सगळे आजाराला लागलेत.

मूक_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. आईचं स्तनाचं ऑपरेशन झालंय. तिला गाठ हाताला लागली ती कडक म्हणून. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कडकपणा पण आजाराचाच भाग असतो. या लेखात त्याबद्दल असेल तर 'दृढता' वगैरे लिहू नका प्लीज, आम्ही रिपोर्टातले असले शब्द बघून रडायचो. 'कडक' लिहा.

पेशीपुराण
बरोबर सांगितलंत ताई. कोलॅजनच्या दोऱ्यांना एकमेकांशी टाके घालणारं एक एन्झाइम आहे, लायसिल ऑक्सिडेज. गाठीच्या आसपास ते वाढतं, दोरे जाड नि सरळ होतात, आणि सगळा भाग ताठ होतो. हाताला लागतं ते बरंचसं हेच. आणि ताठपणा नुसती खूण नाही, पेशी तो जाणते, इंटिग्रिनमार्फत ओढून बघते आणि जास्त ताण जाणवला की वाढीचे संदेश चढतात. २००९ मध्ये उंदरांत हे एन्झाइम अडवलं तर मॅट्रिक्स मऊ राहिलं आणि गाठींचा जोर कमी झाला. मॅमोग्राममध्ये ज्यांचे स्तन सगळ्यात दाट दिसतात त्यांना सगळ्यात विरळ असणाऱ्यांपेक्षा कॅन्सरचा धोका चार ते सहा पट असतो, तिथेही कोलॅजन जास्त असणं हा धागा आहेच.

शब्द म्हणाल तर भौतिकशास्त्रात स्टिफनेसला ताठरता म्हणतात. कडक हे हार्ड. दोन्ही वेगळे, पण पेशंटसाठी कडकच योग्य.

व्युत्पन्न
'ताठर' माणसाच्या स्वभावाला जास्त लागतो.

शब्दवेडी
कडक घेतलं. मूक_वाचक, आईला नमस्कार सांगा.

लेखात पुढे एक परिच्छेद आहे, मॅट्रिक्सच तोडून टाकण्याचे उपचार. त्यात मला भाव पकडता येत नाहीये, लेखक खूप सावध आहे.

पेशीपुराण
सावध असणारच. मॅट्रिक्स कापणारी एन्झाइम्स, मेटॅलोप्रोटिनेज, कॅन्सरला वाट करून देतात म्हणून नव्वदच्या दशकात ती अडवणारी औषधं आली, मारिमास्टॅट वगैरे, मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. उलट बाजूने, स्वादुपिंडाच्या गाठीतलं हायलुरोनन (हे प्रथिन नव्हे, साखरेची लांब साखळी) विरघळवून औषध आत पोचवायचा प्रयत्न झाला, तोही तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत २०१९ मध्ये फसला. आणि २०१४ मध्ये उंदरांत गाठीभोवतीचा तंतुमय भाग कमी केल्यावर कॅन्सर जास्तच आक्रमक झाला. म्हणून म्हणतो, 'मदत करतात' नको. मॅट्रिक्स शत्रू पण नाही. काही ठिकाणी तेच गाठीला वेसण घालून बसलेलं असतं. पेशंटने वाचून 'कोलॅजन वाईट' असं घेऊ नये, लोक लगेच काय खाऊ काय नको यावर येतात.

निमित्तमात्र
'वेसण घालून' छान.

व्युत्पन्न
अजून एक राहिलं. तुम्ही सगळे 'गाठ' लिहिताय. ट्यूमरला 'अर्बुद' हा अडीच हजार वर्षं... बरं, निदान फार जुना शब्द आहे आणि सुश्रुताने त्याचं वर्णन केलंय ते आज वाचलं तरी थक्क व्हायला होतं. स्थिर, वाटोळं, कमी दुखणारं, खोल मुळाचं, हळू वाढणारं आणि न पिकणारं. 'खोल मुळाचं' आणि 'स्थिर' म्हणजे आजूबाजूच्या भागात रुतलेलं, तुमचं मॅट्रिक्सच की ते. पहिल्या अर्बुदावर दुसरं झालं तर अध्यर्बुद असा वेगळा शब्द आहे.

गॅमा
अर्बुद म्हणजे दहा कोटी पण. गाठ सगळ्यांना कळते.

व्युत्पन्न
गाठ दोरीची पण असते, लग्नाची पण असते, गाठभेट पण असते. आणि साधी चरबीची गाठ पण गाठच. पेशंट घाबरतो ते याच सरमिसळीने.

सुतारपक्षी
चरबीच्या गाठीला आमच्याकडे आवाळू म्हणतात. पिकलं की गळू. कॅन्सरला गाठ. लोकांनी वेगळे केलेत की शब्द आधीच.

अवांतर
गाठीभोवतीच्या तंतुमय भागाला स्ट्रोमा म्हणतात ना, त्याला 'अस्तर' कसं वाटतं? ग्रीक स्ट्रोमा म्हणजे अंथरूण, पसरलेलं. संस्कृत 'स्तृ' म्हणजे पसरणे, त्यावरून आस्तरण, त्यावरून अस्तर. ग्रीक आणि संस्कृत धातू सख्खे भाऊ.

व्युत्पन्न
धातू भाऊ आहेत, मान्य. पण आपलं अस्तर फारसीतून आलंय, कपड्याचं अस्तर. आस्तरणातून सरळ आलेलं नाही.

अवांतर
फारसीचा धातू तरी कुठला वेगळा? फिरून तिथेच.

व्युत्पन्न
मग व्युत्पत्ती सांगायचीच कशाला, सगळंच फिरून तिथेच येतं.

निमित्तमात्र
अर्थाने बघा ना. अस्तर आतून लावतात, स्ट्रोमा बाहेरून असतो. अस्तर बेसमेंट मेंब्रेनला जास्त शोभेल, पेशींच्या थराखालचा तो पातळ पापुद्रा.

पेशीपुराण
त्याला आम्ही पेशंटशी बोलताना 'पडदा' म्हणतो. चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन यांचा असतो, आणि रिपोर्टमधला सगळ्यात मोठा प्रश्न तोच, पडदा ओलांडलाय की नाही. ओलांडला नसेल तर 'इन सिटू', म्हणजे जागच्या जागी.

शब्दवेडी
पडदा 'ओलांडला' म्हणता की 'फाटला'? लेखात 'ब्रीच' आहे.

पेशीपुराण
ओलांडला. कॅन्सरपेशी काही ठिकाणी एन्झाइमने विरघळवून जागा करते आणि तिथून सरकते, अख्खा पडदा टराटरा फाटत नाही.

मूक_वाचक
आमच्या डॉक्टरांनी 'पडदा फुटलाय' असं सांगितलं होतं.

सुतारपक्षी
फुटतो तो बांध. पडदा फाटतो, नाहीतर टरकतो.

कृषीकन्या
मग बांधच म्हणा ना त्याला.